चुकलेल्या कार्डाची खरी किंमत

परवा रात्री जेवणं उरकून ओटा पुसत होते, तेवढ्यात वडोदऱ्याहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. सातवीत आहे. तिचा चेहरा दिसायच्या आधी पडद्यावर एक कार्ड दिसलं. पोकेमॉनचं.

"मावशी, नीट बघ. काय दिसतंय?"

मी चष्मा लावून बघितलं. चित्र ठीक होतं. फक्त डावीकडची पिवळी कड जवळजवळ नव्हतीच.

"वाकडं छापलंय," मी म्हणाले.

"तेच तर! मिसकट आहे हे. फॅक्टरीत चुकलेलं. अशी कार्डं लाखांना जातात, माहितीये तुला?"

मागून ताईचा आवाज आला, "विचार तिला, केवढ्याला घेतलं ते!"

अठराशे रुपयांना. दिवाळीच्या ओवाळणीचे जमवलेले पैसे तिने आईच्या हातात दिले आणि आईने ते फोनवरून पाठवले. विकणारा कोण, तर कार्डं जमवणाऱ्या मुलांच्या एका ग्रुपवरचा कुणी 'दादा'. ताईचं म्हणणं, पैसे पाण्यात गेले. भाचीचं म्हणणं, आपलं नशीब उघडलं. दोघींनी मिळून मला पंच नेमलं. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

या सदरात आपण घरोघरच्या छंदांबद्दल बोलतो. आज कार्डांबद्दल बोलू. कारण हा प्रश्न एकट्या वडोदऱ्याचा नाही. तुमच्याही घरात एखाद्या डब्यात, वहीत नाहीतर जुन्या चपलांच्या खोक्यात अशी कार्डं असतील. 'चुकीच्या कार्डाला लाखो रुपये' असा एखादा व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. त्यात खरं किती, खोटं किती, आणि चुकीला किंमत येते तरी कशी, ते बघू या.

आधी छापखान्यात जाऊ

कार्ड एकेकटं छापत नाहीत. मोठ्या तावावर पुष्कळ कार्डं शेजारी शेजारी छापतात आणि मग ताव कापतात. अमेरिकेतली टॉप्स ही कंपनी बेसबॉलपटूंची कार्डं काढते. बेसबॉल म्हणजे तिकडचं क्रिकेटच म्हणा. तिच्या १९९० सालच्या संचात ७९२ कार्डं होती. एका तावावर १३२ कार्डं, असे सहा ताव.

आता रंगांचं. लग्नपत्रिका असो, कॅलेंडर असो की कार्ड, रंगीत छपाई बहुतेक वेळा चार शाईंची असते : निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी. चारही प्लेटांचे ठसे एकमेकांवर अचूक बसले की चित्र स्वच्छ दिसतं. जरा सरकले की काय होतं, ते तुम्ही वर्तमानपत्रात पाहिलेलं असतं. पुढाऱ्याला दोन नाकं आणि चार ओठ दिसतात.

म्हणजे चूक व्हायला जागा दोन. पहिली, छपाईच्या आधी : नाव चुकलं, फोटो चुकला, आकडा चुकला. ही चूक प्लेटवरच असते, त्यामुळे त्या प्लेटवरून निघालेल्या प्रत्येक कार्डावर ती तशीच उतरते. दुसरी, छापताना किंवा कापताना : एखादी शाई उमटली नाही, ताव उलटा गेला, पातं सरकलं. ही चूक एखाद्या तावापुरती किंवा काही तावांपुरती असते.

या दुसऱ्या प्रकाराचं फार प्रसिद्ध उदाहरण आपल्याच देशातलं आहे. कार्डाचं नव्हे, टपाल तिकिटाचं. १८५४ साली कोलकात्यात चार आण्याचं तिकीट दोन रंगांत छापलं. लाल चौकट आणि आत राणी व्हिक्टोरियाचं निळं मस्तक. दोन रंग दोन खेपांत छापले जात होते. काही वेळा ताव उलटा घातला गेला आणि चौकट सुलटी, राणी मात्र डोकं खाली करून उभी, अशी तिकिटं निघाली. आज ती जगातल्या मोठ्या संग्रहांचा मान आहेत.

एवढं लक्षात ठेवा आणि आता अमेरिकेला चला. कार्डांचा मोठा छंद तिथे वाढला आणि नामवंत चुकाही तिथल्याच आहेत.

नाव चुकलं, चेहरा चुकला

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची छोटी कार्डं असत. जाड कागदामुळे पाकीट चेपायचं नाही आणि गिऱ्हाईकही पुन्हा यायचं. संग्राहक या संचाला 'टी २०६' म्हणतात. त्यातलं होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड जगप्रसिद्ध आहे. पण त्यात चूक काहीच नाही, ते छापणं लवकर थांबलं म्हणून दुर्मीळ.

चूक आहे ती शेरी मॅगी या खेळाडूच्या कार्डात. त्याच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने चुकलं. ते लगेच लक्षात आलं, अक्षर बदललं आणि पुढची सगळी कार्डं बरोबर छापली. चुकीच्या अक्षराची कार्डं मोजकीच बाहेर पडली होती. आज बरोबर स्पेलिंगचं कार्ड साध्या भावात मिळतं आणि चुकीच्या स्पेलिंगसाठी मोठे संग्राहक वर्षानुवर्षं थांबतात.

त्याच संचात डॉइल आडनावाचे दोन खेळाडू न्यूयॉर्कचेच, पण वेगवेगळ्या लीगमधले. लॅरी डॉइल नॅशनल लीगमधल्या संघात, जो डॉइल अमेरिकन लीगमधल्या. कुणाची तरी गफलत झाली आणि जो डॉइलच्या कार्डावर नॅशनल लीग छापली गेली. चूक सापडली आणि तेवढा शब्द काढून टाकला. तो शब्द असलेली कार्डं आज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच उरली आहेत.

आता याच्या उलट गोष्ट बघा. १९५७ साली टॉप्सने हँक एरन याचं कार्ड काढलं. एरन म्हणजे पुढे ७५५ होम रन मारणारा, बेब रुथचा विक्रम मोडणारा फलंदाज. तो उजव्या हाताचा. पण फोटोची निगेटिव्ह उलटी लागली आणि कार्डावर तो डावखुरा झाला. आपल्याकडे कुणी सचिनला डावखुरा फलंदाज म्हणून छापावं, तसं. अंगावरचा ४४ हा आकडासुद्धा उलटा दिसतो. एवढी ढळढळीत चूक! पण ती सुधारलीच नाही. त्या संचातलं एरनचं प्रत्येक कार्ड डावखुरंच आहे. त्यामुळे त्या कार्डाला किंमत आहे ती एरनची. उलट्या फोटोचे वेगळे पैसे कुणी देत नाही, कारण सुलटा फोटो असलेलं कार्डच नाही.

१९६९ साली तर याहून मोठा घोटाळा झाला. ऑरेलिओ रॉड्रिगेझ हा मेक्सिकोहून आलेला तरुण खेळाडू. टॉप्सच्या संचात त्याचं कार्ड निघालं. खाली नाव त्याचं आणि वर फोटो संघाच्या बॅटी सांभाळणाऱ्या मुलाचा! तेही कार्ड त्या संचात बदललं नाही. हाच रॉड्रिगेझ पुढे मोठा क्षेत्ररक्षक झाला. ब्रूक्स रॉबिन्सन याने सलग सोळा वर्षं आपल्याकडे ठेवलेला गोल्ड ग्लव्ह पुरस्कार १९७६ साली त्याने मिळवला. पण १९६९ चं कार्ड ज्याच्या वहीत असेल, त्याच्याकडे रॉड्रिगेझचं नुसतं नाव आहे.

मला या गोष्टीत गंमत वाटते आणि थोडं वाईटही वाटतं. आपण चुकलेल्या कार्डाचा भाव विचारतो. पण परक्या देशात खेळायला आलेल्या पोराला आपल्या नावाखाली दुसऱ्याचा चेहरा बघून काय वाटलं असेल, हे कुणी विचारत नाही.

किंमत वाढवते ती दुरुस्ती

या चार कार्डांवरून एक नियम तुमच्या लक्षात आला असेल. चूक झाली एवढ्याने कार्डाला भाव येत नाही. ती चूक कुणाच्या तरी लक्षात यावी लागते, छपाई थांबवून सुधारावी लागते आणि सुधारण्याआधी थोडी कार्डं निसटलेली असावी लागतात. चूक वाढत गेली असती तर ती सगळ्यांकडे असती. कुणीतरी ती थांबवली, म्हणून ती थोड्यांकडे आहे.

१९९० सालचं फ्रँक थॉमसचं कार्ड घ्या. टॉप्सच्या संचातलं ४१४ क्रमांकाचं. थॉमस तेव्हा नवा होता. पुढे शिकागोच्या संघाकडून खेळून त्याने मोठं नाव कमावलं. त्याच्या कार्डावर नावाची जागा आहे, पण काही कार्डांवर तिथे नावच नाही. छापताना तावाच्या एका भागात काळी शाई उमटलीच नाही. त्याच पट्ट्यातल्या शेजारच्या काही कार्डांवरच्या काळ्या रेघाही तुटलेल्या आहेत. एकाच अडथळ्याची ही सगळी खूण. पुढे तो दूर झाला आणि नाव नीट छापू लागलं. तेव्हा कार्डं इतकी प्रचंड छापली जात, की १९९० चं साधं थॉमस कार्ड आज कुणीही सहज घेऊ शकतो. नाव नसलेलं मात्र मौल्यवान आहे.

याहून मजेदार किस्सा १९८९ चा. फ्लीअर नावाच्या कंपनीने बिली रिपकन या खेळाडूचं कार्ड काढलं. खांद्यावर बॅट घेतलेला साधा फोटो. कार्डं बाजारात गेल्यावर लोकांना दिसलं, की बॅटच्या मुठीच्या टोकाला चारचौघांत म्हणता येणार नाही अशी शिवी लिहिली आहे! सरावाची बॅट चटकन ओळखता यावी म्हणून आपणच तिच्यावर ते खरडलं होतं, असं रिपकनने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. फोटो काढणाऱ्याला दिसलं नाही, तपासणाऱ्यालाही दिसलं नाही.

मग कंपनीची धावपळ सुरू झाली. काही कार्डांवर शिवीवर पांढरा रंग आला, काहींवर गिचमिड काढली आणि शेवटी सरळ काळा चौकोन बसवला. परिणाम काय झाला? एका कार्डाची अनेक रूपं झाली आणि संग्राहक ती सगळी जमवायला लागले. शिवी असलेली कार्डं तशी पुष्कळ आहेत. दुर्मीळ ठरली ती पांढऱ्या रंगाने झाकलेली, कारण तो उपाय थोडाच काळ चालला. मूळ चुकीपेक्षा अर्धवट दुरुस्ती महाग!

खेळायच्या कार्डांत चूक झाली तर

बेसबॉलची कार्डं नुसती जमवायची असतात. खेळायच्या कार्डांत मात्र चुकीने खेळच बदलतो.

'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाची पहिली आवृत्ती १९९३ साली आली. संग्राहक तिला 'अल्फा' म्हणतात. कार्डं बेल्जियममधल्या कार्टा मुंडी या कंपनीने छापली. या खेळात प्रत्येक कार्ड वापरायला ठरावीक 'माना' खर्च करावा लागतो. माना म्हणजे खेळातली शक्ती. अल्फामध्ये ओर्किश ओरिफ्लॅम या कार्डाचा खर्च चारऐवजी दोनच छापला गेला. म्हणजे निम्म्या किमतीत काम. एका कार्डावर खर्च छापायचाच राहिला. दोन कार्डं तर आवृत्तीतून पूर्णच गळाली. पुढच्या आवृत्तीत हे सुधारलं.

१९९४ च्या आवृत्तीत आणखी गडबड झाली. सेरेंदिब एफ्रीत नावाचं निळ्या गटाचं कार्ड हिरव्या चौकटीत आणि दुसऱ्याच प्राण्याच्या चित्रासह छापलं गेलं. शिवाय सगळे रंग फिके आले होते. तेव्हा हे दोष दुरुस्त करायचे म्हणून त्याच उन्हाळ्यात नवी छपाई केली. ती इतकी गडद आली की विचारू नका. आणि 'हरिकेन' हे हिरव्या गटाचं कार्ड निळ्या चौकटीत निघालं! जावं पंढरपूरला आणि पोहोचावं तुळजापूरला, तशातली गत. शेवटी कंपनीने तो माल नष्ट करायचं ठरवलं. थोडी खोकी मात्र आधीच बाहेर गेली होती. 'समर मॅजिक' म्हणून ओळखली जाणारी ही कार्डं, आणि त्यातलं निळं हरिकेन, आज संग्राहक जिवापाड जपतात.

आणि भाचीचे लाडके पोकेमॉन? इंग्रजी पोकेमॉन कार्डांची सुरुवात १९९९ ची. त्यातही चुका आहेत. पहिल्या संचातल्या व्हल्पिक्सच्या कार्डावर ताकदीचा आकडा आणि अक्षरं यांची अदलाबदल झाली. 'जंगल' या संचातल्या काही चमकत्या कार्डांवर संचाचं चिन्हच राहून गेलं. बटरफ्रीच्या काही कार्डांवर 'पहिली आवृत्ती' दाखवणाऱ्या शिक्क्यातला १ हा आकडा इंग्रजी 'd' अक्षरासारखा उमटला. या चुका जाणकारांना ठाऊक आहेत, त्यांच्या याद्या आहेत.

यादी असणं महत्त्वाचं आहे. नाव, आकडा, चिन्ह यांची खरी चूक एकाच कार्डावर कधी नसते. त्याच प्लेटची दुसरी भावंडंही कुठे ना कुठे सापडतात. 'जगात एकच, कुणालाच माहीत नाही' असं कुणी म्हणालं, की आधी पाकीट घट्ट धरा.

खोटी चूक

आता वाकड्या कापलेल्या कार्डांकडे येऊ. कापताना पातं जरा सरकणं ही नेहमीची गोष्ट आहे. चित्र थोडं बाजूला गेलेली कार्डं जगात ढिगाने आहेत. कार्डं तपासून १ ते १० असे गुण देणारी पीएसए ही अमेरिकन संस्था अशा कार्डाच्या गुणांपुढे 'मध्यापासून सरकलेलं' किंवा 'चुकीचं कापलेलं' असा शेराही मारते. हा शेरा म्हणजे दोष, बक्षीस नव्हे. थोड्या वाकडेपणाने भाव उतरतो. सरळसरळ दोन कार्डांचे अर्धे अर्धे भाग एका कार्डावर आले, असं काही असेल तरच हौशी लोक जास्त पैसे देतात.

आणि जिथे पैसे, तिथे पातंही हातात घेणारे आले. खोटी चूक घरबसल्या करता येते. म्हणून ही तपासणी घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांनी शिकून ठेवावी.

पहिली गोष्ट, माप. पोकेमॉन आणि मॅजिकचं कार्ड ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच असतं. कारखान्यात वाकडं कापलेलं कार्डसुद्धा मापाला पूर्ण असतं, कारण सरकलेलं असतं चित्र. डावीकडची कड जेवढी कमी, तेवढी उजवीकडची जास्त. डावी कमी आणि उजवी नेहमीएवढीच असेल, तर डावीकडचा कागद कुणीतरी कापून टाकला आहे.

दुसरी, कोपरे. या कार्डांचे चारही कोपरे सारखे गोल असतात. हाताने कापलेल्या बाजूचा गोलवा बिघडतो. त्याच संचातलं साधं कार्ड वर ठेवून बोट फिरवा, फरक बोटाला कळतो.

तिसरी, रंग. 'या कार्डावर पिवळा रंगच नाही' असं सांगून विकतात. उन्हात ठेवलेल्या छपाईतला पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडतो, निळा आणि काळा टिकून राहतो. खिडकीत लावलेलं कॅलेंडर आठवा. छपाईतच रंग राहिला असेल, तर भिंगाखाली त्या रंगाचा एकही ठिपका दिसत नाही. उडालेल्या रंगाचे फिके ठिपके बहुधा दिसतात.

चौथी, चकाकी. नाव किंवा चिन्ह नसलेलं कार्ड दिव्याखाली तिरकं धरा. खोडलेल्या जागेची चकाकी मोडलेली असते.

या चारही गोष्टी पैसे देण्याआधी करायच्या. समोरचा कार्ड हातात देत नसेल, पट्टी ठेवून काढलेला फोटो पाठवत नसेल, 'आत्ता पाठव, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे' म्हणत असेल, तर तो व्यवहार सोडून द्या. आणि आपल्याकडे खरंच चुकलेलं कार्ड निघालं, तर ते पुसू नका, सरळ करायला इस्त्रीखाली ठेवू नका, कड तर मुळीच कापू नका. प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटात ठेवून द्या.

खोटी चूक फक्त भुरटे लोकच करतात असंही नाही. १९३३ साली गौडी या च्युइंगगम कंपनीने बेसबॉलच्या कार्डांचा संच काढला. त्यात १०६ क्रमांकाचं कार्ड मुद्दामच छापलं नाही. पोरं ते शोधत राहिली, गम विकत घेत राहिली. वाटलं असेल, आपल्याच नशिबात नाही. काहींनी चिडून कंपनीला पत्रं लिहिली. तेव्हा १९३४ साली कंपनीने नॅप लाजोई या केव्हाच निवृत्त झालेल्या खेळाडूचं १०६ क्रमांकाचं कार्ड छापून तक्रार करणाऱ्यांना पाठवलं. ते पत्राला क्लिप लावून पाठवल्यामुळे आज त्यातल्या काही कार्डांवर क्लिपचा वण दिसतो. ते कार्ड आता अतिशय महाग आहे. पण १९३३ साली खाऊचे पैसे गममध्ये घालणाऱ्या मुलांना त्याचा काय उपयोग?

पुन्हा वडोदरा

दोन दिवसांनी मी भाचीला फोन लावला. "कंपासपेटीतली पट्टी आण," म्हटलं. "आणि त्याच संचातलं तुझं साधं कार्ड."

तिने मोजलं. उंची बरोबर ८८. रुंदी साडेएकसष्ट. पुन्हा मोजलं, तेवढीच. मग साधं कार्ड वर ठेवलं, तर डावीकडे त्याची एक बारीक पट्टी बाहेर डोकावली. उजवी कड दोन्ही कार्डांची सारखीच. मला काही सांगावं लागलं नाही. ती बराच वेळ गप्प बसली.

"त्या दादाला मेसेज करते," म्हणाली. पण दादाने केव्हाच तिचा नंबर ब्लॉक केला होता.

ताई रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. "पैसे मीच पाठवले ना फोनवरून," एवढंच म्हणाली. "मी तरी कुठे बघितलं?"

मग भाचीने हळूच विचारलं, "मावशी, आमच्या वर्गातल्या एका मुलाला हे कार्ड हवंय. दोन हजार देतो म्हणतोय. त्याला माप वगैरे काही माहीत नाही. देऊ?"

खरं सांगते, उत्तर पटकन तोंडावर आलं होतं. पण मी ते गिळलं. तिला म्हटलं, "आता या कार्डाबद्दल त्याच्यापेक्षा तुला जास्त माहिती आहे. तुझी माहिती त्याला सांग, आणि मग त्याला हवं असेल तर दे."

"मग तो कशाला घेईल?"

"तेच तर."

फोन ठेवला. रात्रभर मला चुटपुट लागली, की जरा जास्तच मास्तरीण झाले का. सकाळी तिचा फोटो आला. कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात होतं आणि मागे तिच्या अक्षरातली चिठ्ठी दिसत होती : 'हे कार्ड कुणीतरी कापलेलं आहे. ६१.५ मि.मी. विकायचं नाही.' खाली आणखी एक ओळ, 'मापून दाखवायला ठेवलं आहे.' त्या मुलालाही तिने पट्टी लावून दाखवलं म्हणे. आता वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत तिच्याकडून आपापली कार्डं मोजून घेतात.

अठराशे रुपये काही परत आले नाहीत, येणारही नाहीत. पण तिच्या वर्गात ते कार्ड आता दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडणार नाही. शंभर वर्षांपूर्वी मॅगीचं अक्षर बदलणारा जो कुणी छापखान्यातला माणूस होता, त्याने तरी वेगळं काय केलं? चूक दिसल्यावर ती पुढे जाऊ दिली नाही, एवढंच.

तुमच्या घरातला कार्डांचा डबा या रविवारी काढा. पट्टी आणि भिंग घ्या, मुलांना जवळ बसवा. लाखाचं कार्ड निघेल असं मी म्हणणार नाही. पण एखादा अठराशेचा फटका नक्की वाचेल. आणि काही गमतीदार चूक सापडलीच, तर मला कळवायला विसरू नका.